ही ‘तालीम’ की ती ‘तालीम’? खेळाडू मुलांचा रस्ता आणि घरच्यांनी माहीत ठेवाव्यात अशा गोष्टी

‘तालीम’ हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी चालतो. कोल्हापूर-सांगलीकडे तालीम म्हणजे लाल मातीचा आखाडा. आपल्या घरात तालीम म्हणजे शिक्षण. मूल दहा-बारा वर्षांचं झालं, शाळेच्या स्पर्धेत दोन-तीन बक्षिसं घेऊन आलं की घरात चर्चा सुरू होते. अब्बू म्हणतात, आधी पुस्तक. मामू म्हणतात, पोराच्या पायात दम आहे, मैदानावर पाठवा. अम्मीला दोन्ही पटतं आणि दोन्हीची काळजीही वाटते.

या चर्चेत एक गोष्ट बहुतेक वेळा राहून जाते. आपल्या देशात खेळाडू घडतो कसा, कुठल्या टप्प्यावर मदत मिळते आणि कुठे काहीच मिळत नाही, याची माहिती फार थोड्या घरांत असते. म्हणून या लेखात आम्ही हा रस्ता टप्प्याटप्प्याने मांडला आहे. थोडक्यात सांगायचं तर आपल्याकडची सरकारी व्यवस्था बऱ्यापैकी पुढे आलेल्या मुलाला हात देते. तिथवर त्याला आणायचं काम घर, मोहल्ला आणि एखादा चांगला सर करतात. रस्त्यात गळती होते ती मुख्यतः तीन ठिकाणी: तेराव्या-चौदाव्या वर्षी, दहावी-बारावीला आणि अठरा ते तेवीसच्या दरम्यान.

महाराष्ट्राचं कोडं

‘खेलो इंडिया’ युवा स्पर्धांत महाराष्ट्राची कामगिरी देशात अव्वल राहिली आहे. २०१९ ला पुण्यात, २०२० ला गुवाहाटीत आणि त्यानंतर मध्य प्रदेश, तामिळनाडू, बिहारमध्ये झालेल्या स्पर्धांतही आपलं राज्य पदकतक्त्यात पहिलं आलं. म्हणजे आपल्याकडे गुणवान मुलं आहेत, यात शंका नाही.

आता ऑलिम्पिककडे बघा. १९५२ ला हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकलं. महाराष्ट्राच्या खेळाडूला दुसरं वैयक्तिक पदक मिळालं ते २०२४ ला पॅरिसमध्ये, स्वप्नील कुसाळेला नेमबाजीत. मध्ये ७२ वर्षं गेली. सतरा वर्षांखालच्या वयात देशात पहिली येणारी मुलं पुढे जातात कुठे, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर मुलं खेळताना काय अनुभवतात, यात सापडतं.

पहिला टप्पा: मुलाला हेरणार कोण?

बहुतेक खेळाडूंना पहिल्यांदा ओळखतो तो शाळेचा पीटीचा शिक्षक, गल्लीतला एखादा जुना खेळाडू किंवा घरातलाच कोणी. जिथे शाळेला मैदान नाही, पीटीचा तास गणिताला दिला जातो, तिथे मूल हेरलंच जात नाही. दाट वस्तीच्या मोहल्ल्यांत ही अडचण जास्त जाणवते.

मोहम्मद सिराजचं उदाहरण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. हैदराबादचा हा मुलगा, वालिद ऑटोरिक्षा चालवायचे. सिराज टेनिस बॉलवर वाढला. अकादमी, महागडं किट असं काही नव्हतं. २०१५ ला रणजी आणि २०१७ ला आयपीएलचा २.६ कोटींचा करार. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये तो भारतीय संघासोबत ऑस्ट्रेलियात असताना वालिदांचा इंतकाल झाला. तो तिथेच थांबला आणि जानेवारीत ब्रिस्बेनच्या कसोटीत एका डावात पाच बळी घेतले. ही गोष्ट हौसला देणारी आहेच. पण तिची दुसरी बाजूही बघायला हवी. त्याच गल्ल्यांत टेनिस बॉलवर तेवढाच वेगवान टाकणारे अजून किती असतील, ज्यांच्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही?

अविनाश साबळेचंही तसंच. बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा हा मुलगा. शाळा सहा किलोमीटरवर, रोजचं जाणं-येणं पायी किंवा पळत. बारावीनंतर तो घरच्या परिस्थितीसाठी सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. सियाचीनला ड्युटी केली. स्पर्धेचं धावणं त्याने सुरू केलं ते विशी ओलांडल्यावर, सैन्यातच. २०१७ मध्ये प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळवलं. पाच वर्षांत तो बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदकावर होता आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदकावर. म्हणजे ज्याला आज देश ओळखतो, तो खेळासाठी हेरला गेला तो फौजेत नोकरी लागल्यावर.

आता हेरण्याचे सरकारी मार्ग बघू. राज्य सरकारची क्रीडा प्रबोधिनी ही १९९६ पासूनची योजना. पुणे, नाशिक, कोल्हापूर, अकोला अशा ठिकाणी केंद्रं आहेत. लहान वयातल्या मुलांच्या चाचण्या होतात: उंची, वजन, ३० मीटर धावणं, उभ्याने लांब उडी, मेडिसिन बॉल फेक, ८०० मीटर धावणं वगैरे. निवड झाली तर राहणं, जेवण, शाळा आणि सराव यांची सोय तिथे होते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला वडिलांनी २००९ मध्ये प्रबोधिनीतच घातलं. नेमबाजी त्याने तिथे गेल्यावर निवडली. एवढा महागडा खेळ गावात राहून त्याला शक्यच नव्हता.

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये ‘कीर्ती’ हा कार्यक्रम सुरू केला. ९ ते १८ वयोगटातल्या मुलांची त्यात चाचणी घेतली जाते. या चाचण्या कुठे, कधी आहेत याची माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळते. हे कार्यालय प्रत्येक जिल्ह्यात असतं आणि बहुतेक वेळा जिल्हा क्रीडा संकुलातच असतं. मूल जरा जरी चमकत असेल तर तिथे एकदा जाऊन या, त्याला पैसे लागत नाहीत.

तेरा-चौदा वर्षांचं फसवं वय

या वयात मुलांची वाढ सारखी नसते. एकाच वर्गातला एक मुलगा दाढी-मिशा फुटलेला, दुसरा अजून लहानसा. धावणं, फेक, कुस्ती, वेगवान बॉलिंग अशा खेळांत लवकर वाढलेला मुलगा जिंकतो आणि निवड समितीला तोच ‘टॅलेंट’ वाटतो. दोन-तीन वर्षांनी बाकीचे उंचीत आणि ताकदीत त्याच्या बरोबरीला येतात. मग कालचा चॅम्पियन मागे पडतो आणि उशिरा वाढणारा मुलगा तोवर खेळ सोडून गेलेला असतो. जन्ममहिन्याचाही परिणाम होतो. वयोगटाची तारीख १ जानेवारी असेल तर जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरमध्ये जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ वर्षभराने मोठा असतो, पण दोघं एकाच गटात खेळतात.

म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. बाराव्या वर्षी निवड झाली नाही याचा अर्थ मुलात काही नाही असा होत नाही. आणि बाराव्या वर्षी सगळं जिंकलं म्हणजे पुढचं नक्की झालं, असंही नाही.

इथेच वय चोरण्याचा मोह होतो. ‘दोन वर्षं कमी दाखवा, सगळे तेच करतात’ असं सांगणारे भेटतात. यात आपल्या मुलाचंच नुकसान आहे. क्रिकेट बोर्डासह अनेक संघटना मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासतात. पकडला गेला तर बंदी येते आणि नाव जातं. आणि नाही पकडला गेला, तरी लहान मुलांना हरवत मोठा झालेला मुलगा खुल्या गटात टिकत नाही. शिवाय त्याच्यामुळे खऱ्या वयाच्या एखाद्या मुलाची जागा जाते, तो हक्क मारला जातो तो वेगळाच. जन्माचा दाखला पहिल्यापासून नीट ठेवा. शाळा, आधार आणि जन्मदाखल्यावरचं नाव आणि तारीख एकच असू द्या. आपल्याकडे नावाच्या स्पेलिंगमुळे, ‘शेख’ आधी की नंतर यामुळे, ऐनवेळी मुलं स्पर्धेबाहेर राहतात.

पैसा: किती हातात येतो?

सुरुवातीची पाच-सात वर्षं खर्च घरचाच असतो. बूट, खुराक, प्रवास, स्पर्धेची फी, सुट्टीच्या दिवसात सरावाला जाण्यासाठी रिक्षा-बसचं भाडं. हा खर्च कुठल्याच योजनेत बसत नाही. दोन भावंडं खेळणारी असतील तर बहुतेक वेळा एकाला थांबावं लागतं, आणि ती बहीण असते.

पुढे गेल्यावर योजना आहेत. ‘खेलो इंडिया’ शिष्यवृत्तीत निवड झालेल्या खेळाडूवर वर्षाला सुमारे ६.२८ लाख रुपये खर्च होतात, असा आकडा वाचून अनेकांना वाटतं की एवढे पैसे खात्यात येतील. तसं नाही. त्यातले १.२० लाख, म्हणजे महिन्याला १० हजार, हा खेळाडूचा भत्ता असतो. बाकीची रक्कम मान्यताप्राप्त अकादमीतलं प्रशिक्षण, राहणं, जेवण आणि स्पर्धा यांवर जाते. त्यावरचा टप्पा म्हणजे ‘टॉप्स’, ऑलिम्पिकच्या तयारीची योजना. त्यात मुख्य गटातल्या खेळाडूला महिन्याला ५० हजार आणि उदयोन्मुख गटातल्याला २५ हजार भत्ता मिळतो. या याद्यांचा नियमित आढावा घेतला जातो आणि कामगिरी घसरली तर नाव वगळलं जातं. ऑलिम्पिक गोल्ड क्वेस्टसारख्या खासगी संस्थाही निवडक खेळाडूंना मदत करतात. पण या सगळ्यांचं दार उघडतं ते राष्ट्रीय पातळीच्या आसपास पोहोचल्यावर.

मधली पोकळी भरण्यासाठी समाज काही करू शकतो. आपल्याकडे दहावीच्या गुणवंतांचा सत्कार होतो, शिष्यवृत्त्या दिल्या जातात. त्याच धर्तीवर एखाद्या जमातीने, ट्रस्टने किंवा माजी विद्यार्थ्यांनी वर्षाला दोन खेळाडूंच्या बुटांचा आणि प्रवासाचा खर्च उचलला, तर तो सन्मानचिन्हापेक्षा जास्त उपयोगी पडेल. खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जाता आलं तेही लोकांनी जमवलेल्या पैशांवर आणि त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवून उभ्या केलेल्या रकमेवर.

दहावी-बारावी: दुसरी गळती

दहावी आली की सराव बंद, ही आपल्याकडची पद्धत. एक वर्ष बंद झालेला सराव बहुतेक वेळा परत सुरू होत नाही. पण पर्याय आहेत. राज्य मंडळाच्या दहावी-बारावी परीक्षेत खेळाडूंना स्पर्धेच्या पातळीनुसार जास्तीत जास्त २५ सवलतीचे गुण मिळतात. त्यासाठी शाळेमार्फत वेळेत प्रस्ताव जावा लागतो, आणि तो गेला की नाही हे पालकांनीच विचारावं लागतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षाही मान्यताप्राप्त आहे आणि विषय टप्प्याटप्प्याने देता येतात. पूर्ण सराव बंद करण्याऐवजी आठवड्यातले तीन दिवस ठेवले तरी शरीर तयार राहतं.

झहीर खानचा रस्ता इथे बघण्यासारखा आहे. श्रीरामपूरचा हा मुलगा इंजिनिअरिंगचा रस्ता सोडून वालिदांच्या पाठिंब्याने क्रिकेटसाठी मुंबईत आला. तिथून चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये. मुंबई संघात जागेसाठी चुरस मोठी, म्हणून रणजी खेळला बडोद्याकडून. २००० मध्ये भारतीय संघात, पुढे ९२ कसोटींत ३११ बळी आणि २०११ च्या विश्वचषकात २१ बळी. तालुक्याच्या गावातून निघालेल्या खेळाडूला गाव, शहर आणि राज्यही बदलावं लागतं, हे त्यातून दिसतं. पण एक सावधगिरी: झहीरने शिक्षण सोडलं म्हणून आपल्या मुलानेही सोडावं, असा त्याचा अर्थ काढू नका. ज्यांनी शिक्षण सोडलं आणि खेळातही काही झालं नाही, त्यांच्यावर लेख लिहिले जात नाहीत.

मुलींचं खेळणं

निजामाबादची निखत झरीन ही चार बहिणींपैकी तिसरी. वालिद मोहम्मद जमील अहमद स्वतः खेळाडू होते. मुलीने बॉक्सिंग निवडलं तेव्हा नातेवाइकांनी टोमणे मारले: चेहरा खराब होईल, लग्न कसं होईल, कपडे कसले घालते. वालिद मागे हटले नाहीत. २०११ मध्ये ती ज्युनियर जगज्जेती झाली. २०१७ मध्ये खांद्याच्या दुखापतीने वर्ष वाया गेलं. सीनियर जगज्जेतेपद आलं २०२२ मध्ये इस्तंबूलला आणि २०२३ मध्ये दिल्लीत पुन्हा. ज्युनियर ते सीनियर, मध्ये ११ वर्षं. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तिला पदक मिळालं नाही, पण त्याच वर्षी तेलंगणा पोलीस दलात ती डीएसपी झाली. त्या ११ वर्षांत घरच्यांनी ‘आता पुरे’ म्हटलं असतं, तर हे काहीच घडलं नसतं.

कपड्यांचा प्रश्न अनेक घरांत अडतो. म्हणून माहिती असू द्या: फुटबॉलच्या जागतिक संघटनेने २०१४ मध्ये आणि बास्केटबॉलच्या संघटनेने २०१७ मध्ये डोकं झाकून खेळायला परवानगी दिली. अनेक खेळांत पूर्ण बाह्या आणि लेगिंग चालतात. आपल्या खेळाचा नियम संघटनेला लेखी विचारून घ्या. स्थानिक पंचांना तो माहीत असेलच असं नाही.

सुरक्षेबाबत मात्र भिडस्तपणा नको. २०२३ मध्ये देशाच्या नामवंत महिला कुस्तीगीर लैंगिक छळाची तक्रार घेऊन जंतरमंतरवर बसल्या, ते सगळ्या देशाने पाहिलं. अकादमी निवडताना विचारा: महिला प्रशिक्षक आहे का? बाहेरगावच्या स्पर्धेला महिला व्यवस्थापक सोबत जाते का? राहण्याची सोय काय? तक्रार समिती आहे का? हे प्रश्न विचारल्यावर जो चिडतो, त्याच्याकडे मुलगी पाठवू नका. मुलगाही पाठवू नका. आणि मुलीला घरी येऊन काहीही सांगता येईल असं वातावरण ठेवा. ‘सांगितलं तर खेळ बंद होईल’ या भीतीने मुली गप्प बसतात.

रमजान आणि सराव

रोजे ठेवून सराव कसा करायचा, हे दरवर्षी विचारलं जातं. २०१२ चं लंडन ऑलिम्पिक रमजानमध्येच आलं होतं. तेव्हा काही मुस्लिम खेळाडूंनी रोजे ठेवले, काहींनी नंतर पूर्ण करायचं ठरवलं. रोज्यात मुख्य प्रश्न पाण्याचा आणि झोपेचा. जोराचा सराव इफ्तारनंतर किंवा इफ्तारच्या थोडा आधी ठेवता येतो, दुपारच्या उन्हात टाळावा. इफ्तार ते सहरी थोडं थोडं पाणी पीत राहावं, सहरीत अंडी, डाळ, दही असावं. महिना सुरू होण्याआधीच प्रशिक्षकाशी मोकळं बोला. न सांगता रोजा ठेवून चक्कर येण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं. बहुतेक प्रशिक्षक वेळ बदलून देतात.

दुखापत आणि डबे

दुखापत झाली की खेळाडू एकटा पडतो. एमआरआय, फिजिओ, ऑपरेशन, सगळं महाग. योजनेत असलेल्यांना उपचार मिळतात, बाकीच्यांचा खर्च घरावर. त्यामुळे आरोग्य विमा घेताना त्यात खेळातली दुखापत बसते का, ते विचारून घ्या. हलाखीत असलेल्या खेळाडूंसाठी केंद्राचा पंडित दीनदयाळ उपाध्याय राष्ट्रीय खेळाडू कल्याण निधी आहे, त्यात अर्ज करता येतो.

दुसरा धोका डोपिंगचा. पाच हजारांहून जास्त चाचण्या घेणाऱ्या देशांत २०२३ मध्ये पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण भारतात सर्वाधिक होतं, सुमारे ३.८ टक्के. सगळेच जाणूनबुजून घेतात असं नाही. जिममधला कोणी पावडरचा डबा देतो, मेडिकलवाला ताकदीचं इंजेक्शन सुचवतो. नियम असा आहे की शरीरात सापडलं तर जबाबदारी खेळाडूची. सर्दीच्या गोळीतही मनाई असलेलं द्रव्य असू शकतं. ‘नाडा’ या राष्ट्रीय संस्थेच्या ‘नो युअर मेडिसिन’ अॅपवर औषध तपासता येतं. दूध, अंडी, डाळ, मटणाने जे होत नाही ते डब्याने होईल, असं सांगणाऱ्यापासून मुलाला दूर ठेवा.

अठरा ते तेवीस: सर्वात मोठी गळती

ज्युनियर गट संपला. सीनियर गटात समोर पंचविशीचे, तयार शरीराचे, नोकरीत असलेले खेळाडू. पदकं बंद होतात, सत्कार बंद होतात. घरात विचारणा सुरू होते, ‘आता काय?’ महाराष्ट्राच्या ७२ वर्षांच्या कोड्याचं मोठं उत्तर आमच्या मते इथेच आहे. निखतला या वयातून पार व्हायला ११ वर्षं लागली. ज्या घराला महिन्याचा पगार हवा आहे, ते घर एवढं थांबू शकत नाही.

म्हणून या टप्प्यावर नोकरीच खेळ वाचवते. साबळेला सैन्याने सांभाळलं. कुसाळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. रेल्वे, सैन्य, पोलीस, बँका यांची खेळाडू भरती निघते. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पण त्यात कोणते खेळ, कोणत्या स्पर्धा आणि कोणता क्रमांक धरतात, याचे नियम ठरलेले आहेत. प्रमाणपत्राची विभागीय उपसंचालक कार्यालयातून पडताळणी होते. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणं उघड झाल्याने ही तपासणी आता कडक आहे. मान्यता नसलेल्या संघटनेच्या ‘नॅशनल’ स्पर्धेला हजारो रुपये भरून मिळवलेलं पदक इथे कामाला येत नाही. पैसे भरण्यापूर्वी ती संघटना मान्यताप्राप्त आहे का, हे जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारा.

घरात एक फाईल ठेवा

– जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला, तिन्हींवर नाव-तारीख एकसारखी.
– प्रत्येक स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र, त्याच्या प्रती आणि स्पर्धेचा निकाल.
– संघटनेची खेळाडू नोंदणी आणि ओळखपत्र.
– दुखापतीचे रिपोर्ट आणि घेतलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या.
– वेळ, अंतर, वजन यांची तारीखवार वही. पदक नसलं तरी मूल पुढे जातंय की नाही, हे त्या वहीत दिसतं.

शेवटी एक स्पष्ट बोलायला हवं. मैदानावर जाणाऱ्या मुलांपैकी फार थोडी देशाकडून खेळतील. बाकीच्यांचं काय? बीपीएड करून क्रीडा शिक्षक होता येतं, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून प्रशिक्षकाची पदविका घेता येते, पंच, फिजिओ, व्यवस्थापक होता येतं. आपल्या शाळांना, मोहल्ल्यांना आज अशा जाणत्या माणसांची फार गरज आहे. ही वाट उघडी राहण्यासाठी बारावी आणि पदवी हातात हवी. म्हणून घरातली ती चर्चा पुन्हा निघाली तर मुलाला एक तालीम निवडायला लावू नका. वेळापत्रक थोडं जड होईल, पण दोन्ही चालू ठेवा, निदान विशीपर्यंत.